व्यक्ती तितक्या प्रकृती: हाताखालच्या प्रत्येकाशी वेगळं वागावं का?

मायक्रोमीटर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं फक्त वाचत आले, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली आणि गेल्या दिवाळीनंतर विभाग माझ्याकडे आला. हाताखाली नऊ माणसं आहेत. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आम्ही उभ्याउभ्याच दहा मिनिटांची मीटिंग घेतो, त्यात आदल्या दिवशीच्या चुका सगळ्यांसमोर बोलायच्या. मलाही माझ्या साहेबांनी असंच घडवलं. जे काय असेल ते तोंडावर, मनात काही ठेवायचं नाही. मला ते मानवलं, म्हणून सगळ्यांनाच मानवेल असं मी धरून चालले.

आमच्यात एक अगदी शांत मुलगा आहे. कामाला चोख. जानेवारीत त्याच्या हातून बारा पीस चुकीचे पुढे गेले, ते लाइनवर सापडले. मी सकाळी सगळ्यांसमोर त्याला विचारलं. ओरडले नाही, पण विचारलं. तो "हो मॅडम" म्हणाला आणि विषय संपला असं मला वाटलं. मार्चमध्ये ग्राहकाकडून अख्खा लॉट परत आला. शोध घेत गेले तर कळलं की तपासताना त्याला शंका आली होती. नो-गो गेज, म्हणजे चांगल्या पीसमध्ये जो शिरताच कामा नये तो मापक, जरासा आत शिरतोय असं वाटत होतं. आधी अशी शंका आली की तो पीस घेऊन माझ्या टेबलाशी यायचा. या वेळी आला नाही. मी बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाला, "परत सगळ्यांसमोर होईल असं वाटलं मॅडम." त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग मी सगळ्यांशीच मऊ बोलायला लागले. तर आमच्याकडचे एक काका, सव्वीस वर्षं नोकरी झालेले, चिडले. "मॅडम, गोलगोल बोलू नका. चुकलं असेल तर चुकलं म्हणा, मला कामं आहेत."

मधल्या काळात एचआरने एक स्वभाव-चाचणी घेतली. लाल, पिवळा, हिरवा, निळा. प्रत्येकाच्या टेबलावर रंगाचं कार्ड आलं. आता एकजण म्हणतो, "मी लाल आहे, मी असाच बोलणार."

तर माणसागणिक वागणं बदलावं का? किती बदलावं? एकाला बाजूला घेऊन सांगायचं आणि दुसऱ्याला सगळ्यांसमोर, हा दुजाभाव नाही का? ज्यांनी माणसं सांभाळली आहेत त्यांनी आणि ज्यांना कोणी सांभाळलं आहे त्यांनीही लिहा.

निवांत_वाचक
चांगला विषय. जागा धरून ठेवतोय.

रात्रपाळी
ताई, त्या मुलाने खरं कारण तुमच्या तोंडावर सांगितलं, ही मोठी गोष्ट आहे. बहुतेक जण "लक्षात नाही आलं" म्हणून सुटतात. अजून सगळं हातातून गेलेलं नाही.

मी सरकारी रुग्णालयात इन-चार्ज सिस्टर आहे. सविस्तर उद्या लिहिते, आज ड्युटी आहे.

जुनी_पासबुके
मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. ग्रामीण शाखा, पाच माणसे. त्यातील दोघांविषयी सांगतो.

आमचे रोखपाल नोटा तीनदा मोजत. काउंटरसमोर रांग वाढे, लोक कुरकुरत, आणि मी नवा असताना केबिनमधून त्यांना घाई करी. मी घाई केली की ते चारदा मोजत! सहा महिन्यांनी माझ्या ध्यानात आले की हा माणूस भीतीने मोजत आहे. आधीच्या एका शाखेत त्यांना कमी भरलेली रक्कम पदरची भरावी लागली होती. मी घाई करणे सोडले. रोज दुपारी अर्धा तास मी स्वतः शेजारच्या काउंटरवर बसून पासबुके भरू लागलो. मोजणे आपोआप दोनदावर आले. मी त्याविषयी एक शब्दही बोललो नव्हतो.

दुसरे गृहस्थ कर्जविभागाचे. हुशार, बोलके, शेतकऱ्यांत लोकप्रिय. त्यांना मोकळे सोडले की काम झपाट्याने होई, मात्र कागद अपुरे राहत. त्यांना मी पूर्ण मोकळीक दिली आणि शुक्रवारची संध्याकाळ फायलींसाठी राखून ठेवली. त्या दिवशी दोघे मिळून फायली पुऱ्या करत असू.

आता आपला दुजाभावाचा प्रश्न. तिजोरीच्या दोन चाव्या दोन माणसांकडे असत. एकट्याने तिजोरी उघडायची नाही. रोखपाल कितीही प्रामाणिक असोत आणि मी कितीही घाईत असो, हा नियम कोणाच्या स्वभावाप्रमाणे वाकला नाही. रजा, हजेरी आणि रोकड यांत सर्व समान. बोलण्याची रीत मात्र ज्याची त्याची. माझ्या मते रेघ तिथे आहे.

खडीसाखर
पासबुके काका, "घाई केली की चारदा मोजत" वाचून आमच्या आईची आठवण आली. स्वयंपाक लवकर आवर म्हटलं की एक भाजी वाढते.

अर्धविराम
त्या रंगीत कार्डांबद्दल लिहायलाच हवं. मी मानसशास्त्र शिकवतो आणि कंपन्यांमध्ये या चाचण्यांना मिळणारा मान पाहून काळजी वाटते.

माणसांचे मोजके प्रकार पाडायची कल्पना फार जुनी आहे. ग्रीकांकडे चार रस होते, आपल्याकडे वात, पित्त, कफ. आजच्या चार खान्यांच्या चाचण्यांपैकी 'डिस्क'चा उगम विल्यम मार्स्टन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९२८ च्या मांडणीत आहे. पुढे 'वंडर वूमन' हे चित्रकथेतलं पात्र निर्माण करणारा तो हाच. सोळा प्रकारांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल यांनी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या विचारांवरून बेतली. दोघींचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण नव्हतं. अभ्यासू होत्या, हेतूही चांगला होता. पण काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. कारण उघड आहे. बहुतेक माणसं मधोमध असतात आणि चाचणी त्यांना रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे ढकलते. नोकरभरतीसाठी ती वापरू नये असं तिच्यामागची संस्थाच सांगते.

मग लोकांना ती इतकी पटते का? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला "हे तुझं स्वभाववर्णन" म्हणून एक कागद दिला. किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, तोही बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातला.

संशोधनात जास्त टिकलेली मांडणी पाच गुणांची आहे: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौम्यपणा आणि मनाची अस्वस्थता. त्यात खाने नाहीत, मोजपट्ट्या आहेत. माणूस 'लाल' नसतो, प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो. मायक्रोमीटर, तुमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर तुम्हाला मोजमाप हवं आहे आणि एचआरने नुसतं पास की नापास सांगणारा गो/नो-गो गेज दिला आहे.

मायक्रोमीटर
@अर्धविराम, शेवटचं वाक्य मी वहीत लिहून घेतलं. कार्डांनी मला नेमकं का खटकत होतं ते आत्ता कळलं.

ओसरी
अर्धविराम यांच्याशी सहमत, आणि माझा अनुभव कदाचित त्याहून टोकाचा आहे.

मी पुण्यात आयटीत आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी अशाच एका चाचणीत मी अंतर्मुख निघाले. मॅनेजर खरंच चांगला माणूस होता. त्याने मला त्रास होऊ नये म्हणून ग्राहकासमोरची सादरीकरणं दुसऱ्याला द्यायला सुरुवात केली. मीटिंगमध्ये मला प्रश्न विचारायचं बंद केलं. "तुला नाही आवडत ना ते, मी बघतो." दोन वर्षं मी पडद्यामागे राहिले. काम मी करायचे आणि बोलायचं दुसऱ्याने. बढतीची वेळ आली तेव्हा कारण दिलं, "ग्राहकांशी बोलण्याचा अनुभव कमी पडतो."

मला बोलायला आवडत नव्हतं असं नाही. मला तयारीला एक दिवस लागतो, एवढंच. आयत्या वेळी "तुला काय वाटतं?" म्हटलं की माझी पाटी कोरी होते. आदल्या दिवशी विषय सांगितला तर मी उत्तम बोलते. हे त्याने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण तो माझी काळजी घेतोय असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

म्हणून धागाकर्तीला कळकळीने सांगते, त्या शांत मुलाला सांभाळता सांभाळता त्याच्या वाटचं काम काढून घेऊ नका.

निवांत_वाचक
@ओसरी, हे वाचून पोटात गलबललं. माझ्या हाताखाली चार जण आहेत आणि त्यातल्या एकीच्या बाबतीत मी हेच करतोय. उद्याच बोलतो तिच्याशी.

पवनचक्कीच्या_गावी
ओसरी, तुमचं "आदल्या दिवशी विषय" वाचून लिहायला बसलो. मी सात वर्षं नेदरलँड्समध्ये, आइंडहोवेनला आहे. इकडची माणसं तोंडावर बोलण्यात तरबेज. पहिल्या महिन्यात डच सहकाऱ्याने माझ्या डिझाइनला भर मीटिंगमध्ये "हे चालणार नाही" म्हटलं. मी दोन दिवस घरी जेवलो नाही नीट. तो मात्र त्याच दुपारी कॉफी प्यायला बोलवायला आला, जणू काही घडलंच नाही. त्याच्या लेखी घडलंही नव्हतं. त्याने डिझाइनला नावं ठेवली होती, मला नाही.

आता टीम माझ्याकडे आहे. त्यात दोन डच, एक तुर्की, दोन आपले. सगळ्यांसाठी मी एकच गोष्ट केली. मीटिंगचे मुद्दे आदल्या दिवशी लेखी पाठवतो आणि ज्याला बोलायचं नसेल त्याने उत्तर लिहून पाठवलं तरी चालतं. आपल्या दोघांसाठी म्हणून सुरू केलं होतं, पण सर्वांत जास्त उपयोग त्यातल्या एका डच माणसाने केला. इकडचे सगळे फटकळ हा माझा समज होता, तोही एक खानाच निघाला.

बिल्ला_नंबर
सगळं वाचलं. चांगलं लिहिताय सगळे. आता माझं ऐका.

मी तळेगाव, चाकण, रांजणगाव, तिन्हीकडं कंत्राटी म्हणून काम केलं. आठ वर्षं. सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरी कंपनी. या आठ वर्षांत माझा स्वभाव कसा आहे हे एकाही साहेबानं विचारलं नाही. बऱ्याच ठिकाणी नाव पण नाही. "ए, निळा शर्ट." परमनंट माणसाला बाजूला घेऊन सांगतात, आम्हाला लाइनवर सांगतात, ते पण दोन लाइन पलीकडं ऐकू जाईल असं. त्याला स्वभाव आहे, आम्हाला फक्त टार्गेट.

एकच सुपरवायझर वेगळा भेटला. पहिल्या दिवशी विचारलं, गाव कुठलं, आधी कुठलं मशीन चालवलं, रात्रपाळीला येताना गाडी मिळते का. एवढंच. त्याच्या लाइनवर मी चूक लपवली नाही. ड्रिल तुटलं होतं, त्याचा तुकडा पीसमध्ये अडकला, मी स्वतः मशीन बंद करून त्याला बोलवलं. दुसऱ्या कोणाकडं असतो तर पीस पुढं ढकलला असता. खरं सांगतो.

मॅडम, तुमच्या नऊ माणसांत कंत्राटी किती आहेत? त्यांनी रंगाची परीक्षा दिली का?

मायक्रोमीटर
@बिल्ला_नंबर, नऊपैकी तीन कंत्राटी आहेत. नाही, त्यांची चाचणी घेतली नव्हती. यादी एचआरकडून आली आणि त्यात ती तीन नावं नाहीत हे माझ्या लक्षातही आलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज पाहिलं. मला याचं फार वाईट वाटतंय.

रात्रपाळी
बिल्ला_नंबर दादांचं वाचून सुन्न झाले. आमच्याकडेही वॉर्डातल्या मावश्या आता कंत्राटीच असतात.

काल म्हटल्याप्रमाणे लिहिते. वॉर्डात दोन वेळा असतात. एक, रुग्ण अचानक बिघडला ती वेळ. तेव्हा स्वभाव वगैरे काही नाही. नाव घेऊन सांगायचं, "तू ऑक्सिजन लाव, तू सलाइन, तू डॉक्टरांना फोन." ज्याला सांगितलं त्याने तेच परत मोठ्याने बोलून दाखवायचं, म्हणजे ऐकलं हे कळतं. तिथे मी "कृपया" म्हणत नाही आणि कोणी ते मनावर घेत नाही, कारण हे आधीच ठरलेलं असतं. नवीन मुलगी आली की पहिल्याच आठवड्यात मी तिला सांगून ठेवते: त्या वेळी माझा आवाज चढेल, तो तुझ्यावर नसेल.

दुसरी वेळ नंतरची. हँडओव्हर झाल्यावर. तिथे मात्र प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एक मुलगी होती, औषधाच्या मात्रेत गोंधळ झाला, रुग्णाला देण्याआधीच लक्षात आला. तिला मी काही बोलायच्या आधीच ती रडायला लागली. तिला बोलून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी औषधाच्या ट्रॉलीवर मी तिच्यासोबत उभी राहिले आणि दहा रुग्णांची औषधं दोघींनी मिळून काढली. दुसरी एक अशी होती की चूक दाखवली की लगेच वाद, माझं नाही, संध्याकाळच्या शिफ्टचं. तिला कागद पुढे ठेवून वेळ आणि सही दाखवावी लागायची. मग मान्य करायची, आणि एकदा मान्य केलं की पुन्हा ती चूक तिच्या हातून होत नसे.

पण चुकीची नोंद दोघींचीही झाली. एकीला रडू आलं म्हणून तिची नोंद टाळली नाही.

सांजवारा
"माझा आवाज चढेल, तो तुझ्यावर नसेल" हे वाक्य मी घरी दाराला लावणार आहे, मुलांच्या परीक्षेच्या दिवसांसाठी.

पाटी_पेन्सिल
मी शाळेची मुख्याध्यापिका होते. शिक्षकांना सांभाळणं मुलांपेक्षा अवघड, हे सगळ्या मुख्याध्यापकांना ठाऊक आहे.

मला वरची चर्चा थोडी एकांगी वाटते. प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे साहेबानेच का बदलायचं? आमच्याकडे एक शिक्षक कायम उशिरा. "माझा स्वभावच तसा आहे बाई." त्या उशिराचा भार शेजारच्या वर्गावरच्या शिक्षिकेवर पडायचा, तिला दोन वर्ग सांभाळावे लागायचे. स्वभाव सांभाळून घेण्याची किंमत नेहमी दुसरं कोणीतरी मोजतं, आणि बहुतेक वेळा न बोलणारं माणूस. मायक्रोमीटर, तुमच्या त्या 'लाल' माणसाच्या टेबलाशेजारी कोण बसतं ते पाहा.

जुनी_पासबुके
@पाटी_पेन्सिल, बाई, आपण बोललात ते अगदी योग्य. माझ्या लिहिण्यात ही बाजू सुटली होती. कर्जविभागाच्या त्या गृहस्थांचे अपुरे कागद शुक्रवारपर्यंत आमचा शिपाई गोळा करीत फिरे. त्याला काय वाटत असेल हे मी त्या काळात विचारले नाही. आज वाटते विचारायला हवे होते.

गणित_कच्चं
मला वेगळंच म्हणायचंय. तुम्ही सगळे ज्याला स्वभाव म्हणताय, त्यातलं बरंचसं त्या कामाची सवय असणं-नसणं आहे. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या अमेरिकन व्यवस्थापन-तज्ज्ञांनी १९६९ मध्ये हेच मांडलं. नवख्याला नीट सांगा, थोडं जमायला लागलं की का ते समजावा, मग त्याला सामील करून घ्या, शेवटी सोपवून मोकळे व्हा. त्यात माणसाचा प्रकार नाही, कामातली तयारी आहे. आणि तयारी कामागणिक बदलते! तुमच्या सव्वीस वर्षांच्या काकांना उद्या कॉम्प्युटरवरच्या मापन यंत्रावर बसवा, तेच काका शिकाऊ होतील आणि त्यांना पायरीपायरीने सांगावं लागेल.

मायक्रोमीटर
@गणित_कच्चं, तुम्ही आमच्या विभागात येऊन गेलात का? नवं मापन यंत्र फेब्रुवारीत आलं आणि काका त्याच्याकडे फिरकत नाहीत. मी "हट्टी स्वभाव" असं धरून चालले होते.

अर्धविराम
गणित_कच्चं यांच्याशी अर्धा सहमत. ती मांडणी शिकवायला सोपी आहे म्हणून जगभर पसरली, पण तपासून पाहणाऱ्यांना पुरावा संमिश्रच मिळाला. नवख्या माणसाच्या बाबतीत ती बऱ्यापैकी जुळते, पुढच्या पायऱ्यांवर डळमळते.

यात आपल्या मातीतलं एक काम सांगतो. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा यांचं. त्यांनी १९८० मध्ये भारतीय कार्यालयांचा अभ्यास करून सांगितलं की आपल्याकडे नुसता कडक साहेब चालत नाही आणि सगळं तुम्हीच ठरवा म्हणणाराही सुरुवातीला चालत नाही. चालतो तो माया करणारा पण कामाचा आग्रह धरणारा. माया कामाशी बांधलेली असते, आणि माणूस तयार होत गेला की साहेबाने हळूहळू हात सोडायचा असतो. वडीलधाऱ्या माणसासारखं. अडचण एवढीच की हात सोडायची वेळ पुष्कळांना ओळखता येत नाही.

खडीसाखर
माझ्या आत्याने एकत्र कुटुंबात पाच सुना सांभाळल्या. मोठीला फक्त "तू बघ" म्हणायची, दुसरीला यादी करून द्यायची, तिसरीच्या कामाचं पाहुण्यांसमोर कौतुक करायची. धाकटीला काहीच सांगायची नाही, तिच्या शेजारी बसून भाजी निवडायची. सिन्हा साहेबांना आत्या भेटायला हवी होती.

पण साड्या पाचही जणींना एकाच किमतीच्या. त्यात कधी फरक नाही.

जुनी_पासबुके
@खडीसाखर, आपल्या आत्यांनी माझे दोन परिच्छेद एका साडीत बसवले.

कृष्णाकाठ
स्वभावावरून आठवलं. माझं आजोळ किर्लोस्करवाडीजवळचं, त्यामुळे लहानपणापासून हे ऐकत आलो. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगराचा कारखाना उभा केला तेव्हा जवळ शिकलेली माणसं नव्हती. होती ती अशी की जी इतरत्र कुठे बसली नव्हती. अनंतराव फळणीकर शाळा सोडलेले, ते कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. के. के. कुलकर्णी शिक्षण अर्धवट सोडून आलेले, पडेल ते काम अंगावर घेणारे, त्यांच्याकडे व्यवस्था आली. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत. आणि वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी कोणाला नेमलं? तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्यांना.

आमचे आजोबा म्हणायचे, लक्ष्मणरावांनी माणूस बदलायचा खटाटोप केला नाही, माणसाला शोभेल ते काम शोधलं. आपण इथे बोलण्याची रीत बदलायची चर्चा करतोय. कामाची वाटणी बदलता येते का, तेही पाहावं असं मला वाटतं.

ओसरी
@कृष्णाकाठ, सुंदर माहिती. पण माझा मॅनेजरही हेच म्हणाला असता, "तिला शोभेल ते काम दिलं." फरक कुठे आहे?

कृष्णाकाठ
@ओसरी, प्रश्न रास्त आहे, रात्रभर घोळला. मला सुचलं ते असं. पहारेकऱ्यांना आधीपेक्षा मोठा विश्वास मिळाला. तुमच्याकडून काम काढून घेतलं गेलं. वाटणी बदलल्यावर माणसाच्या हातात आधीपेक्षा जास्त आलं की कमी, हे पाहायला हवं.

ओसरी
पटलं.

पोटापुरता_पसा
आमचं पाच माणसांचं छोटं केटरिंग आहे, सांगलीत. मोठ्या कंपन्यांचं मला कळत नाही. आमचे आचारी लग्नाच्या दिवशी कोणी स्वयंपाकघरात डोकावलं तरी खवळतात. तेच आचारी आदल्या दिवशी कांदा चिरताना तासभर गप्पा मारतात. सूचना असेल ती मी कांद्याच्या वेळी सांगते. माणूस तोच, वेळ वेगळी. वर रात्रपाळी ताईंनी लिहिलं तेच.

बिल्ला_नंबर
आत्या आणि कांदा, दोन्ही आवडलं. मॅडम, पुढं काय झालं ते लिहा. धागा काढून लोक गायब होतात.

मायक्रोमीटर
गायब नाही झाले. तीन आठवडे झाले, लिहिते.

सकाळच्या मीटिंगमध्ये आता चुका पीसवरून बोलतो, माणसावरून नाही. टेबलावर पीस ठेवते, काय चुकलं ते सगळे पाहतात, कोणाच्या हातून ते त्याचं त्याला माहीत असतं. पण चूक कोणाचीही असो, रजिस्टरला नोंद होतेच. रात्रपाळी ताईंची रडणारी मुलगी डोक्यात होती.

नऊही जणांशी एकेक करून बोलले. कंत्राटी तिघांशी आधी. प्रत्येकाला एकच विचारलं, "तुमचं काही चुकलं तर मी कसं सांगितलेलं तुम्हाला चालेल?" उत्तरं ऐकून मी थक्क झाले. 'लाल' कार्डवाला म्हणाला, "बाजूला घेऊन सांगा मॅडम, घरीही सगळे सगळ्यांसमोरच बोलतात." आणि पाटी_पेन्सिल बाई, त्याच्या शेजारच्या टेबलावर जी मुलगी बसते ती कंत्राटी आहे. तिने सांगितलं की त्याचे राहिलेले रिपोर्ट तीच पूर्ण करते, गेले पाच महिने. मी त्याच्याशी त्याबद्दल बाजूला घेऊनच बोलले, पण स्पष्ट बोलले. रिपोर्ट आता ज्याचे त्याने.

काकांना मापन यंत्रावर बसवायचं ठरवलं. शिकवायला त्या शांत मुलाला सांगितलं, आदल्या दिवशी. ओसरी, तुमचं आठवून. तो म्हणाला, "मी? काकांना?" रात्री त्याने दोन पानं मराठीत लिहून काढली, कुठलं बटण कधी दाबायचं. काका पहिल्या दिवशी गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला विचारलं, "अरे, हे पान मला झेरॉक्स करून दे."

सगळं सुरळीत झालंय असं नाही. एकाने मला अजून काहीच सांगितलेलं नाही, "काही नाही मॅडम, सगळं ठीक आहे" यापुढे तो जात नाही. त्याच्याशी कसं बोलावं मला कळत नाही.

रात्रपाळी
त्याला लगेच पुन्हा विचारू नका. महिनाभर त्याच्या टेबलाशी रोज दोन मिनिटं उभ्या राहा, कामाचंच बोला.

बिल्ला_नंबर
आणि रात्रपाळीला येताना गाडी मिळते का, ते विचारा.

मायक्रोमीटर
@बिल्ला_नंबर, विचारलं. तो राजगुरुनगरहून येतो. शेवटची गाडी पावणेदहाला आणि शिफ्ट साडेअकराची. पावणेदोन तास गेटबाहेरच्या टपरीवर बसतो, दीड वर्षापासून. उद्यापासून तो आत येऊन आमच्या खोलीत बसेल, सिक्युरिटीला सांगितलंय.